आईचा जामीन

गिरड, ता. ६ फेब्रुवारी १९५५

बाई,

नमस्कार. शाळेत मास्तरांनी शिकवलेला लांब मायना गाळतो आहे. भावाचे हे पत्र भाऊजी तुला वाचून दाखवणार, आणि गिरणीतून दमून आलेल्या माणसाचा घसा पहिल्याच ओळीत कोरडा पडायला नको. भाऊजी, तुम्हालाही नमस्कार. एक विनंती आहे. वाचताना मधले काही गाळू नका. मी पत्र आधी पाटीवर लिहितो, नको ते पुसतो आणि मगच कागदावर उतरवतो. तेव्हा जे उरले आहे ते सगळे वाचायचेच आहे.

आईला दारूबंदीत पुन्हा धरले. नाल्याकाठी, पेटलेल्या भट्टीसकट. जमादाराने नाव विचारले तेव्हा आई म्हणाली, "नाव तं तुमच्या पुस्तकात आहे, साहेब. मागचं पान पाहा." तो हसला म्हणे. मला हसू आले नाही.

ही तिसरी खेप. पहिली तुमच्या चाळीतली, तुझ्या मुलाच्या बारशाची. ती बाटली विकायची नव्हती. आपल्या घरी मूल झाले की वाडवडिलांपुढे मोहाच्या दारूचे चार थेंब सांडतात, तेवढ्यापुरती तिने इथून पदराखाली आणली होती. चाळीच्या अंगणात सगळ्यांसमोर तिला धरले. नंतर तुमच्या घरी काय बोलणे झाले ते मी इथे लिहीत नाही. भाऊजींना ते स्वतःच्या तोंडाने वाचावे लागेल.

तेव्हा तिला एक महिना तुरुंग झाला. एक महिना म्हणजे काहीच नाही असे सगळे म्हणाले. मी समुद्रपूरकडे सडकेच्या कामावर होतो. त्या महिन्यात शेळ्या गेल्या, कोणी नेल्या ते कळले नाही. पाटलांकडची कापूस वेचणी दुसरीला मिळाली. आई परत आली तेव्हा तिला कोणी कामाला बोलावेना. बाई, तुरुंगात जाईपर्यंत आईला दारू काढता येत होती ती देवापुरती. विकायची कशी ते तिला माहीत नव्हते. ते तिला आत शिकवले. नागपूरकडची एक बाई तिच्या शेजारी निजायची. सायकलच्या ट्यूबमध्ये भरून सरपणाच्या मोळीत कशी लपवायची, हिंगणघाटला कोणत्या दारी न्यायची, सगळे तिने आईला सांगितले. आई आजही त्या बाईचे नाव मायेने घेते. तिथे तिच्याशी बोलणारी ती एकटीच होती.

दुसऱ्या खेपेनंतरही तसेच झाले. तेच घर, तेच रिकामे मडके, आणि कोणी कामाला न बोलावणारे तेच गाव.

या वेळी मॅजिस्ट्रेट साहेब वेगळे बोलले. ते म्हणाले, "हिला दोनदा पाठवली. तिसऱ्यांदा पाठवून ही चौथ्यांदा येईल, दुसरं काय होणार?" तुरुंगाऐवजी चांगल्या वर्तणुकीचा मुचलका लिहून घेता येतो. वर्षभर ती घरी राहील, काम करील, एक अधिकारी येऊन पाहून जाईल. पण जामीन पाहिजे. जामीन राहणारा जमीनवाला असावा किंवा कायम नोकरीचा. मी दोन्ही नाही. पाटलांनी नको म्हटले. भाऊजी, तुम्ही गिरणीत कायम आहात.

तारीख २१ फेब्रुवारी. कोर्ट हिंगणघाटला, तुमच्याकडून मोटारीने लांब नाही.

लहानू


गिरड, ता. २७ फेब्रुवारी १९५५

बाई,

भाऊजी आले नाहीत. मी रागावलो नाही, हे आधी लिहितो, म्हणजे पुढचे वाचताना त्यांचा आवाज बदलणार नाही. पाळी बदलून मिळाली नसेल.

आम्ही नानाजी तेल्यांच्या बैलगाडीने आलो होतो. त्यांना हिंगणघाटला घाणीची ढेप, म्हणजे पेंड, विकायची होती. ढेप विकून ते सहज कोर्टात येऊन मागे बसले. आईचे नाव पुकारले. साहेबांनी विचारले, "जामीन कोण?" मी दाराकडे पाहिले. आईने पाहिले नाही. साहेबांनी पुन्हा विचारले, तेव्हा मागून नानाजी उठले.

"मी होतो जामीन, साहेब."

"तुम्ही कोण?"

"नानाजी तेली. गिरडले घाणी आहे माही, अन् वावर बी."

"या बाईला ओळखता?"

"बाईले बी ओळखतो अन् तिच्या दारूले बी."

कोर्टात सगळे हसले. साहेबांनी मान वर केली. "म्हणजे तुम्ही प्यायलात?"

"आपला जिल्हा कोरडा आहे साहेब, मी कसा पिईन? वारा तिकडून आला का वास येते, तेवढंच."

साहेबांनाही हसू आवरेना. पण नानाजी मग नीट बोलले. माझ्या घाणीवर जवस पाखडायला माणूस पाहिजे, मी हिला रोज कामावर ठेवतो, म्हणाले. आईने अंगठा दिला. वर्षभराचा मुचलका झाला. दर महिन्याला प्रभाकरराव नावाचे साहेब सायकलने येऊन चौकशी करतील.

परतताना आई गाडीत माझ्याकडे पाठ करून बसली होती. गिरड जवळ आले तेव्हा म्हणाली, "पुनाजी कामावर असन आज. नाई का?"

मी म्हटले, हो, भाऊजी कामावरच असतील.

"मंग कसा येईन तो," ती म्हणाली. हे मी पाटीवरून पुसले होते. पुन्हा लिहिले.

लहानू


गिरड, ता. १७ एप्रिल १९५५

बाई,

उत्तर आले नाही, तरी लिहितो.

आई घाणीवर जाते. सुरुवातीला तेल न्यायला येणाऱ्या बाया टोमणे मारत. "काऊन गं भागाबाई, आता तेलाची भट्टी का?" आई म्हणते, "हाव ना. पिऊन पाहा, पोट साफ होते." आता कोणी बोलत नाही. नानाजींचा म्हातारा बैल घाणीला फिरताना मध्येच उभा राहतो. तो आईच्याच हाकेने चालतो. आई त्याच्याशी आपल्या गोंडी बोलीत बोलते. नानाजी म्हणतात, "माह्या बैलाले बाटवलं हिनं. आता त्याले मराठी समजत नाई."

प्रभाकरराव साहेब दोनदा येऊन गेले. माझ्याहून फार मोठे नसतील. पहिल्या वेळी आई दारामागे उभी राहून बोलली. दुसऱ्या वेळी तिने त्यांना बसायला बाज टाकली आणि "साहेब, तुमच्या सदऱ्याचं बटन तुटलं" असे सांगितले. त्यांनी वहीत काही लिहिले. बटणाचे लिहिले नसावे.

आता मोहाचे सांगतो. यंदा फूल भरपूर पडले. आपल्या झाडाखाली पहाटे जाऊन आईने टोपल्या भरल्या, आणि मला धडकी भरली. तुला आठवत असेल, नवा मोह वाडवडिलांना वाहिल्याशिवाय आपण तोंडात घालत नाही, आणि वाहायची ती दारूच. मी म्हटले, आई, या वर्षी कसे? तिने ते आधीच ठरवले होते. "देवाले सांगते, या साली मी मुचलक्यावर आहो. त्यायले समजते. त्यायच्यातले बी दोन-तीन जेलात गेलते."

पण रात्रीची ती निजेना. देवाला काहीच दिले नाही, हे तिला सोसेना. तेव्हा मला एक सुचले. नव्या मडक्यात विहिरीचे पाणी घेऊन त्यात नवी फुले घालायची आणि तेच वाहायचे. भट्टी नाही, दारू नाही, फुलांचे पाणी. आई म्हणाली, "चालन. फूल तं तेच होय." मी स्वतः मडके धुतले, स्वतः पाणी भरले. माशी पडू नये म्हणून तोंडाला फडके घट्ट बांधले. उन्हातून उचलून आत चुलीजवळच्या कोपऱ्यात ठेवले, कारण तिथे कोणाचा पाय लागत नाही. वाहिलेले मडके पाच दिवस हलवायचे नाही, ते मला माहीत आहे.

आई काल शांत झोपली. मला बरे वाटले. तुला कळावे म्हणून लिहिले.

लहानू


गिरड, ता. १ मे १९५५

भाऊजी,

या वेळचे पत्र तुम्हाला आहे. बाईलाही वाचून दाखवा, पण आधी तुम्ही वाचा.

आईची तारीख १६ मे रोजी आहे. मुचलका मोडल्याबद्दल. कसे झाले ते जसेच्या तसे सांगतो.

फुलांच्या पाण्याचे मी मागच्या पत्रात लिहिले होते. आमच्या घरी वर्षानुवर्षे देवापुढे दारू राहिली. ती पाच दिवस ठेवली तरी दारूच राहते, म्हणून मडके पाच दिवस हलवू नये या नियमाचा कोणाला कधी त्रास झाला नाही. मी दारूच्या जागी पाणी ठेवले आणि नियम तोच ठेवला. वर चैत्राची उष्णता, चुलीची ऊब आणि मी घट्ट बांधलेले फडके. तिसऱ्या दिवशी मडके आपोआप फसफसू लागले. आईला वास कळला होता. ती मला बोलली नाही, आणि मडके हलवायचे नाही म्हणून हलवलेही नाही. माझ्या नाकाला त्या वासाची जन्मापासून सवय आहे. मला कळला नाही.

चौथ्या दिवशी प्रभाकरराव साहेब आले. दारातच थांबले.

"भागाबाई, हे काय?"

"देवाचं होय, साहेब."

"देवाचं असेल. पण वास कशाचा आहे?"

"मोहाचा होय. मोहाले दुसरा वास कुठून आणू मी?"

ते आत आले, फडके सोडून पाहिले. म्हणाले, आत्ताच्या आत्ता ओतून टाका. आई मडक्यासमोर जाऊन बसली. "आज नाई. उद्या पाचवा दिवस. उद्या मीच सांडते, तुमी उभे राहून पाहा. आज नाई, साहेब." मी मध्ये बोललो. मी सांगितले की ही युक्ती माझी आहे, मडके मी ठेवले, लिहायचे तर माझे नाव लिहा. साहेब दारात उकिडवे बसले. मग म्हणाले, "मला जे दिसलं ते मला लिहावंच लागेल. ते कसं झालं, तेही मी लिहीन. पुढचं मॅजिस्ट्रेट साहेबांच्या हाती." त्यांनी ओतायला लावले नाही. दुसऱ्या दिवशी सायकल हाणत पुन्हा आले आणि आईने पाणी सांडले तेव्हा उभे राहिले.

नानाजींच्या मुलांनी बापाला जामीनकीतून नाव काढायला लावले. त्यांनाही मी दोष देत नाही. काम मात्र त्यांनी ठेवले आहे. तारखेला नवा जामीन उभा राहिला तर मुचलका चालू राहू शकतो, नाहीतर तुरुंग. प्रभाकरराव साहेब म्हणाले, जामीन गावाबाहेरचा, नात्यातला आणि हिला काही महिने आपल्याकडे ठेवून घेणारा असला तर बरे.

भाऊजी, आईला तुरुंगाची भीती वाटत नाही, आणि मला त्याचीच भीती वाटते. काल ती म्हणाली, "जाऊन येते महिनाभर. तितं भाकर तं भेटते. ते नागपूरवाली बी असन." हे ती हसत म्हणाली. पहिल्या वेळी ती आमची म्हणून आत गेली आणि अर्धी परत आली. या वेळी गेली तर ती तिथलीच होऊन येईल. पुढे नाल्याकाठी भट्टी, जमादार, पुस्तकातले मागचे पान. मी तिला घरात कोंडून ठेवू शकत नाही. मी तिच्याहून लहान आहे, आणि किती काळजी घेतली तरी काय होते ते तुम्ही वाचलेच.

बारशाच्या दिवशी तुमचा अपमान झाला. चाळीत तुम्हाला रोज त्या अंगणातून जावे लागते. ते मी खोटे म्हणत नाही. एवढेच सांगतो की ती बाटली तिने तुमच्या मुलासाठी आणली होती. तुमचे वाडवडीलही तेच पितात ना?

तुम्ही उत्तर देऊ नका. यायचे असेल तर या.

लहानू


गिरड, ता. १८ मे १९५५

बाई,

हे पत्र पोहोचेल तेव्हा आई तुझ्याकडे असेल. भाऊजी तुला कोर्टातले सांगतील, पण ते दोन शब्दांत सांगतील. म्हणून बाकीचे मी लिहितो. भाऊजी, आता तर मुळीच गाळू नका.

भाऊजी आले तेव्हा मी त्यांना ओळखले नाही. ते थेट गिरणीतून आले होते. केसांत आणि भुवयांवर कापूस होता, म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. माझ्याशी बोलले नाहीत. भिंतीला टेकून उभे राहिले.

आईचे नाव पुकारले. प्रभाकरराव साहेबांनी लिहिलेले मॅजिस्ट्रेट साहेबांनी वाचले. मडक्याचे सगळे त्यात होते, माझ्या फडक्यासकट. वाचून साहेबांनी माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, "फार काळजीपूर्वक केलंस." मला कुठे पाहावे ते कळेना.

मग विचारले, "जामीन कोण?"

भाऊजी पुढे झाले. तेवढ्यात आईने डोक्यावरचा पदर ओढून पूर्ण तोंड झाकले आणि भिंतीकडे वळली. साहेबांना वाटले ती घाबरली किंवा रुसली. ते म्हणाले, "बाई, इकडे बघा. जामीन राहणाऱ्याला ओळखता की नाही?" आई वळेना. शेवटी मी सांगितले, "साहेब, ते तिचे जावई आहेत. आमच्याकडे सासू जावयाला तोंड दाखवत नाही." साहेब म्हणाले, "मग ही याच्या घरी राहणार कशी?"

पदराआडून आई म्हणाली, "राहीन ना. तो कामावर गेला का तोंड उघडीन."

भाऊजींच्या ओठांवर तेव्हा काहीतरी आले. हसू होते असे मी म्हणत नाही.

साहेबांनी त्यांना समजावले. हिने पुन्हा दारू काढली तर मुचलक्याची रक्कम तुम्हाला भरावी लागेल, हे समजते ना? भाऊजी म्हणाले, "समजते."

"विचार करून सांगा. तुम्ही गिरणी कामगार आहात. उद्या तुम्ही म्हणाल, मी हिला घराबाहेर काढलं, आता माझा संबंध नाही. तसं चालणार नाही."

भाऊजींनी दाराकडे पाहिले. मी म्हटले, संपले. मग ते बोलले. बाई, तू त्यांच्या तोंडून ऐकते आहेस, म्हणून त्यांचेच शब्द लिहितो. "साहेब, रक्कम भरीन मी. पगारातून कापून घ्या. पन तिनं पुन्हा काही केलं तं मी तिले घराबाहीर काढीन, असं लिहून नका घेऊ. तेवढं मी एकडाव केलं आहे. आता नाई करत."

कोर्टात कोणी हसले नाही. पदराच्या आत आई रडत होती की नाही ते मला दिसले नाही. तिचा हात भिंतीवर होता, तो तिने काढला नाही.

भाऊजींनी सही केली. आईने अंगठा दिला. एकाच कागदावर, पण एकाच वेळी नाही. भाऊजी बाजूला झाले तेव्हाच ती टेबलाजवळ आली.

मोटारीच्या अड्ड्यावर मी सोबत होतो. आई पुढच्या बाकावर बसली, भाऊजी पार मागे. तिचे गाठोडे मात्र त्यांच्या मांडीवर होते. मी खिडकीखाली उभा राहून आईला सांगत होतो की प्रभाकरराव साहेब आता चाळीत येतील, तेव्हा दारामागे जाऊ नको. बसवायला बाज नसेल, तर सतरंजी टाक. ती हो हो म्हणत होती. मोटार सुरू झाली तेव्हा भाऊजींनी मागच्या खिडकीतून डोके काढले. तीन वर्षांत ते पहिल्यांदाच माझ्याशी बोलले.

"लहानू, मायले तिखट कितपत चालते रे?"

मी मागच्या खिडकीकडे धावलो. आणि मोटार गेली.

तेव्हा भाऊजी, ते उत्तर राहिले आहे. तिखट तिला बेताचेच चालते. तुम्ही विचाराल तर ती "चालते" म्हणेल, पण तिचे "चालते" धरू नका. अंबाडीची भाजी आवडते. भाकर मऊ लागते, दोन दाढा पडल्या आहेत. तुरुंगातून आल्यापासून ती भराभरा जेवते. कोणी मध्येच उठले की अर्ध्यावर हात आखडून घेते आणि पुन्हा काही मागत नाही. म्हणून तिचे जेवण होईपर्यंत कोणी उठू नये. तुम्ही अगदी समोर बसलात तर पदरामुळे तिला घास घेता येणार नाही, तेव्हा थोडे बाजूला बसा.

पण बसा.

लहानू